तिथं दुकानं नव्हती का?

गेल्या १६ ऑक्टोबरला तालुक्याच्या गावातल्या एका शाळेत चित्रकला स्पर्धेचा परीक्षक म्हणून गेलो होतो. जागतिक अन्न दिन, विषय 'जगातील भूक आणि गरिबी', आठवी-नववीची पोरं. ४५ चित्रं आली होती आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त चित्रांत एकच मूल होतं. काळं, पोट फुगलेलं, बरगड्या मोजता येतील असं, हातात रिकामी वाटी आणि मागे भेगाळलेली जमीन. मोबाईलवर 'भूक' असं टाकलं की जे चित्र आधी येतं, तेच सगळ्यांनी काढलेलं. पोरांना काय दोष द्यायचा, आपण मोठ्यांनी तरी दुसरं काय दाखवलंय त्यांना?

बक्षिसं वाटून झाली, चहा आला, तेव्हा मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. "सर, त्या देशात दुकानं नसतात का?"

वर्ग हसला. बाईंनी तिला खाली बसवलं. मीही "असतात गं, पण त्यांच्याकडे पैसे नसतात" असं म्हणून विषय मिटवला आणि एसटी पकडली. उत्तर चुकीचं नव्हतं, पण अर्धंच होतं. काल होते ते पैसे आज का पुरेनात, आणि दुकानदाराच्या मागे असलेलं धान्य कुणाच्या घरी गेलं, हे सांगायचं राहिलं. शिवाय परतीच्या वाटेवर आठवलं की जवळजवळ हाच प्रश्न आपल्याच देशात एका नऊ वर्षांच्या मुलाला पडला होता आणि त्याचं नीट उत्तर लिहायला त्याला ३८ वर्षं लागली. म्हणून ही पोस्ट. लांब आहे, आधीच सांगतो.

ही गोष्ट बंगालची, १९४३ सालची. बंगाली पंचांगाप्रमाणे ते १३५० साल, म्हणून तिकडे त्याला 'पंचाशेर मन्वंतर' म्हणतात. पन्नासचा दुष्काळ. आपल्याकडे म्हातारी माणसं 'बहात्तरचा दुष्काळ' म्हणतात, तसंच.

आणि गंमत बघा (गंमत म्हणवत नाही, पण बघा). १६ ऑक्टोबर हा अन्न दिन आहे, कारण १९४५ साली त्या तारखेला संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना स्थापन झाली. त्याच्या बरोबर तीन वर्षं आधी, १६ ऑक्टोबर १९४२ला, बंगालच्या मेदिनीपूर जिल्ह्यावर भयंकर चक्रीवादळ आदळलं होतं. समुद्राचं पाणी शेतात घुसलं, उभं भात गेलं, गुरं गेली, हजारो माणसं गेली. मेदिनीपूर म्हणजे बेचाळीसच्या चळवळीचा बालेकिल्ला. आपल्या साताऱ्यात नाना पाटलांचं प्रतिसरकार उभं राहिलं, तसं तिकडे तमलुकला समांतर सरकार उभं राहिलं. इंग्रज सरकारचा त्या जिल्ह्यावर राग होता. वादळाची बातमीसुद्धा काही दिवस दाबून ठेवली गेली.

त्याच वर्षाच्या सुरुवातीला जपानने ब्रह्मदेश घेतला होता. रंगून मार्चमध्येच पडलं आणि तिथून येणारा तांदूळ बंद झाला. जपानी फौजा बंगालच्या किनाऱ्यावर उतरल्या तर त्यांना काही मिळू नये म्हणून सरकारने किनाऱ्याजवळच्या जिल्ह्यांतला जादा तांदूळ उचलला. दहा आणि त्याहून जास्त माणसं नेऊ शकतील अशा होड्या जप्त केल्या, काही फोडल्या. बंगालचा तो भाग म्हणजे नद्यांचं जाळं. होडी गेली की कोळ्याचं जाळं घरात पडून, नावाड्याचा धंदा बंद, आणि नदीपलीकडचं शेत पलीकडेच. सैन्याला काही मिळू नये म्हणून केलेला उद्योग आधी गरिबाच्या पोटावर आला.

आता भाव बघा. कलकत्त्यात ठोक बाजारात तांदळाचा भाव डिसेंबर १९४२मध्ये मणाला १३-१४ रुपये होता. मार्चमध्ये तो २१ झाला. मेमध्ये ३०च्या वर गेला. ऑगस्टमध्ये ३७. (तिकडचा मण म्हणजे सुमारे ३७ किलो.) मुक्कामाला पूर्व बंगालमध्ये तर याहून कितीतरी जास्त भाव झाले. हे चार आकडे लक्षात ठेवा, पुढे लागतील.

शांतिनिकेतनमध्ये तेव्हा एक मुलगा आजोबांकडे राहून शिकत होता. आजोबा क्षितिमोहन सेन, टागोरांचे सहकारी, संतसाहित्याचे मोठे अभ्यासक. नातू अमर्त्य. १९४३च्या वसंतात शाळेच्या आवारात एक माणूस आला. वेड्यासारखा वागत होता. काही द्वाड पोरं त्याला चिडवत होती. बाकीच्यांनी त्यांना हटकलं, त्या माणसाशी बोलले, तेव्हा कळलं की त्याला कित्येक दिवस धड खायला मिळालेलं नाही. भुकेनं त्याचं डोकं भ्रमलं होतं. मग असा दुसरा आला, तिसरा आला, आणि बघता बघता रस्ता भरून माणसं जाऊ लागली. सगळी कलकत्त्याच्या दिशेने. आजोबांनी नातवाला परवानगी दिली की दारात येणाऱ्याला सिगारेटच्या पत्र्याच्या डब्याने मापून तांदूळ द्यायचे. मागणारे किती आणि डबा केवढासा!

पण त्या मुलाच्या डोक्यात राहिलं ते वेगळंच. पुढे त्यांनी अनेकदा सांगितलंय की एवढी माणसं मरत होती, तरी त्यांच्या शाळेतल्या एकाही मुलाच्या घरी, एकाही नातेवाइकाच्या घरी उपासमार नव्हती. कनिष्ठ मध्यमवर्गालाही दुष्काळाने शिवलं नाही. मेले ते शेतमजूर, कोळी, नावाडी, भात कांडणाऱ्या बाया. म्हणजे दुष्काळ एका गावात येतो, पण घर बघून येतो. नऊ वर्षांच्या पोराला हे दिसलं. कलकत्त्यातल्या आणि दिल्लीतल्या साहेबांना दिसलं नाही, किंवा दिसून न दिसल्यासारखं केलं. सरकारने शेवटपर्यंत दुष्काळ अधिकृतपणे जाहीर केला नाही. जाहीर केला असता तर फॅमिन कोडप्रमाणे कामं काढावी लागली असती, धान्य पुरवावं लागलं असतं.

कलकत्त्याची मात्र काळजी घेतली होती. कारखाने, रेल्वे, सरकारी कचेऱ्या, युद्धाला लागणारा सगळा नोकरवर्ग यांना स्वस्त धान्य मिळेल अशी व्यवस्था होती. त्यासाठी बाहेरून वाटेल त्या भावाने तांदूळ उचलला जात होता, आणि खेड्यातला भाव आणखी चढत होता. खेड्यातली माणसं शहरात येऊन दारोदार भात नाही मागायची. भात वेळल्यावर उरणारं पाणी मागायची. बंगालीत त्याला 'फ्यान' म्हणतात. त्या वर्षी कलकत्त्याच्या गल्लीबोळांतून 'फ्यान दाओ'चा पुकारा ऐकलेली माणसं तो आयुष्यभर विसरली नाहीत. मरणाऱ्यांचा आकडा सरकारच्या चौकशी आयोगाने १५ लाख धरला. पुढच्या अभ्यासात तो ३० लाखांपर्यंत गेला.

मग हे देशाला कळलं कसं? इंग्रजांच्या मालकीच्या 'स्टेट्समन'चे संपादक इयान स्टीफन्स यांनी २२ ऑगस्ट १९४३ला कलकत्त्याच्या रस्त्यावरची छायाचित्रं छापली. शब्दांवर सेन्सॉरचा पहारा होता, त्यांनी फोटो छापले. त्यांचं श्रेय मोठंच आहे. पण ते शहराचे फोटो. खेड्यात काय चाललंय ते बघायला जी माणसं गेली, त्यांत बरीचशी विशी-तिशीतली पोरं होती. त्यांच्याबद्दल मराठीत फारसं लिहिलं जात नाही.

सुनील जाना, वय २५. कलकत्त्यात इंग्रजी साहित्याचा विद्यार्थी, हौसेने फोटो काढणारा. कम्युनिस्ट पक्षाचे सरचिटणीस पी. सी. जोशी यांनी त्याला सांगितलं की अभ्यास ठेव बाजूला, कॅमेरा घे आणि चल. तो गेला आणि परत साहित्याकडे वळलाच नाही. त्याचे फोटो 'पीपल्स वॉर' या पक्षाच्या साप्ताहिकात यायचे आणि ते साप्ताहिक निघायचं आपल्या मुंबईतून.

चित्तप्रसाद, वय २८. चित्रकला कुठल्या आर्ट स्कूलमध्ये शिकलेला नाही. जात दाखवणारं 'भट्टाचार्य' हे आडनाव त्याने टाकून दिलेलं. नोव्हेंबर १९४३मध्ये हा मेदिनीपूर जिल्ह्यात हिंडला. चित्रं काढली, सोबत लिहिलं. अनेक चित्रांपाशी त्या माणसाचं नाव आहे, गाव आहे, जमीन किती होती आणि कशी गेली ते आहे. माझ्या मते त्याचं सगळ्यात मोठं काम हेच. आमच्या शाळेतल्या ४५ चित्रांतल्या एकाही मुलाला नाव नव्हतं.

त्या फेरीचं पुस्तक झालं, 'हंग्री बेंगॉल'. ते मुंबईत छापलं गेलं. सरकारने ५००० प्रती जप्त करून जाळल्या. चित्तप्रसादच्या घरच्यांनी एक प्रत बँकेत जपून ठेवली म्हणून ती वाचली आणि २०११मध्ये तिच्यावरून पुन्हा पुस्तक छापता आलं. हा माणूस पुढे मुंबईकर झाला, अंधेरीत वर्षानुवर्षं एका खोलीत राहिला, मुलांसाठी कठपुतळ्यांचे खेळ केले. अंधेरीतल्या किती लोकांना त्याचं नाव माहीत असेल, शंकाच आहे.

आणखीही होते. जैनुल आबेदिन, तेही २८ वर्षांचे, स्वस्तातल्या बांधणीच्या कागदावर काळ्या शाईने कलकत्त्याच्या फुटपाथवरची माणसं काढत होते. पुढे बांगलादेशाच्या चित्रकलेचे ते जनक मानले गेले. चितगावकडचा २२ वर्षांचा सोमनाथ होर चित्तप्रसादच्या सांगण्यावरून हातात पेन्सिल घेऊन भुकेल्यांची चित्रं काढू लागला. मार्च १९४३मध्ये हजारो बायका तांदळासाठी कलकत्त्याच्या विधानसभेवर मोर्चा घेऊन गेल्या. विद्यार्थी लंगर चालवत होते. 'इप्टा' म्हणजे भारतीय जननाट्य संघ २५ मे १९४३ला मुंबईत स्थापन झाला. बिनॉय रॉय यांचं गाण्या-नाचाचं पथक बंगालबाहेर फिरून मदत गोळा करत मुंबईपर्यंत आलं. १९४४मध्ये बिजन भट्टाचार्य यांचं 'नवान्न' हे नाटक आलं. त्यात काम करणारी तृप्ती मित्र ऐन एकोणिशीतली होती.

आता एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी, नाहीतर कमेंटमध्ये कुणीतरी सांगेलच. कम्युनिस्ट पक्ष तेव्हा युद्धाच्या बाजूने होता, बेचाळीसच्या चळवळीच्या विरोधात होता. काँग्रेसचे पुढारी तुरुंगात होते आणि या मंडळींना मोकळं फिरता येत होतं, ते त्यामुळेच. त्यांच्या प्रचारात साठेबाजावर जेवढं बोट होतं तेवढं सरकारच्या धोरणावर नव्हतं. हे खरंय. तरीही चिखल तुडवत खेड्यात ती पोरं गेली आणि पुस्तक जाळायची वेळ त्याच सरकारवर आली, हेही तितकंच खरंय.

आणि आपला माणूस? तो होता की! अण्णा भाऊ साठे, वय २३. वाटेगावातून घरच्यांबरोबर पायी चालत मुंबईला आलेलं पोर. का आले? पोटासाठी. पुढे गिरणीत काम केलं, चाळीत-झोपडीत राहिले, शाळा जवळजवळ नाहीच. १९४४मध्ये अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्यासोबत त्यांनी लाल बावटा कलापथक उभं केलं. बंगालच्या दुष्काळावर अण्णा भाऊंनी पोवाडा रचला, 'बंगालची हाक'. विचार करा, ज्याने बंगाल पाहिलेला नाही असा गिरणगावातला तरुण, समोर बसलेले गिरणी कामगार, आणि डफाच्या तालावर मेदिनीपूर-कलकत्त्याची भूक. त्या कामगारांना बंगाल कुठे आहे ते नकाशावर दाखवता आलं नसतं कदाचित. पण गाव सोडून शहराकडे चालत जाणं म्हणजे काय, हे त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. सातारा, रत्नागिरी, नगर इथून तेही असेच आले होते. पंधरा-सोळाशे किलोमीटरवरची भूक त्यांना परकी वाटली नाही, याचं कारण मला हे दिसतं. दया करायला वरच्या पायरीवर उभं राहावं लागतं. ते त्याच पायरीवर होते.

पुन्हा शांतिनिकेतनच्या मुलाकडे येतो. तो शिकला, केंब्रिजला गेला, प्राध्यापक झाला, पण सिगारेटचा डबा डोक्यातून गेला नाही. १९८१मध्ये त्याचं 'पॉव्हर्टी अँड फॅमिन्स' हे पुस्तक आलं. त्यात त्याने सरकारचेच आकडे मांडले. १९४३मध्ये बंगालमध्ये उपलब्ध धान्य आधीच्या पाच वर्षांच्या सरासरीपेक्षा फार तर ५ टक्क्यांनी कमी होतं. आणि १९४१पेक्षा ते १३ टक्क्यांनी जास्त होतं! १९४१मध्ये काही दुष्काळ पडला नव्हता. मग १९४३मध्ये माणसं मेली कशी?

ते चार आकडे आठवा. १४, २१, ३०, ३७. युद्धामुळे सरकार नोटा छापून खर्च करत होतं, शहरात पैसा वाहत होता, व्यापारी आणि घाबरलेली गिऱ्हाइकं माल दाबून ठेवत होती. भाव आठ महिन्यांत अडीचपट झाला. शेतमजुराची मजुरी तेवढी वाढली नाही. दिवसभर राबून जेवढा तांदूळ मिळायचा, तो निम्म्याहूनही कमी मिळू लागला. सेन यांनी मासळी, दूध आणि न्हाव्याची मजुरीसुद्धा तांदळाच्या भावाशी ताडून पाहिली. न्हाव्याचं तर बघाच. त्याच्या शेतात रोग पडला नव्हता, होडी जप्त झाली नव्हती, वस्तरा जागच्या जागी होता. पण खाण्याची ददात असली की माणूस आधी केस कापणं बंद करतो. गिऱ्हाईक गेलं, तांदूळ महागला, न्हावी उपाशी. त्याच्या गावात तांदूळ होता. त्याचा त्या तांदळावरचा हक्क संपला होता. सेन यांनी हाच शब्द रूढ केला, हक्क. १९९८मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

यावर वाद आहेत. भातावर पडलेल्या रोगाचं नुकसान सरकारी आकड्यांत नीट आलेलं नाही, टंचाई सेन समजतात त्याहून मोठी होती, असं म्हणणारे अभ्यासक आहेत. असू दे. टंचाई मोठी धरली तरी कलकत्त्याचा कारकून जगला आणि मेदिनीपूरचा कोळी मेला, याचं उत्तर भाताच्या रोगात सापडत नाही.

आपल्या बहात्तरच्या दुष्काळाकडे बाहेरचे अभ्यासक याच नजरेनं बघतात. सलग पाऊस नाही, विहिरी कोरड्या, गुरं कवडीमोलाने विकली. तेव्हा १९७३च्या मे महिन्यात राज्यात जवळपास ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. खडी फोडत होती, पाझर तलाव खणत होती, रस्ते करत होती. कामावर सुखडी मिळायची, रेशनवर अमेरिकेची ती लाल मिलो. तिच्या भाकरीला कुणी चांगलं म्हटल्याचं मी तरी ऐकलं नाही. हाल झालेच. मजुरी उशिरा मिळायची, हजेरीपटात घोळ व्हायचे, सगळं होतं. पण बंगालसारखी लाखो माणसं मेली नाहीत, कारण हातात आठवड्याचा पगार पडत होता आणि तो घेऊन दुकानात जाता येत होतं. त्यातूनच वि. स. पागे यांच्या रोजगार हमीचा १९७७ला कायदा झाला. सेन यांचं पुस्तक यायच्या आधी. आपल्याकडच्या मजुरांनी आणि मोर्चेवाल्यांनी पुस्तक न वाचताच 'काम द्या' म्हटलं होतं. 'धान्य द्या' हे त्याच्या नंतर.

तर त्या मुलीचं उत्तर असं आहे की दुकानं होती. कलकत्त्यात तर भरलेली होती. लोक त्यांच्यासमोरच्या फुटपाथवर मेले.

मुख्याध्यापकांना फोन केला होता. पुढच्या शनिवारी सकाळची शाळा सुटायच्या आधी एक तास देतो म्हणाले. चित्तप्रसादची चार-पाच चित्रं छापून घेतलीत, नावागावासकट. फळ्यावर ते चार आकडे लिहिणार आहे. पोरांना एक काम आधीच कळवलंय. घरी विचारून यायचं की गावात आज बाईमाणसाला शेतातला रोज किती, ज्वारी किलोला किती, आणि पाच वर्षांपूर्वी दोन्ही किती होतं. दोन-तीन पालकांचे फोन आलेत की चित्रकलेच्या सरांना हे कशाला पाहिजे.